पिवळ्या पाण्यात काळं लोखंड

ती. वन्सं यांना,

नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल, दुकानातली गर्दी ओसरली असेल आणि मुलं वेळेवर जेवत असतील अशी आशा करते. मी बरी आहे. घरही बरं आहे. पत्राला तसं विशेष कारण काही नाही. फोनच केला असता, पण फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ‘बोल’ म्हणता, मी ‘बाकी ठीक’ म्हणते, आणि मग आपण दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. म्हणून लिहिते. ह्यांना जाऊन बरेच महिने झाले. त्या दिवशी तुम्ही आलात, दाराशीच उभ्या राहिलात आणि घोटभर पाणीही न घेता परत गेलात, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. (पाणी घेतलं नाहीत याबद्दल तर मुळीच नाही. आमच्या पाण्याची कहाणी पुढे येईलच.)

त्याआधी तुम्ही आला होतात तो प्रसंग तुम्ही विसरला असाल असं मी धरून चालत नाही. तुम्ही आमच्या विहिरीच्या पाण्यात तुमचा पांढरा टॉवेल बुचकळला, बादलीत वाकून पाहिलंत आणि म्हणालात, “अरे, हे पाणी पिवळं आहे.” ह्यांनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं, “कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळंच दिसतं.” तुम्ही टॉवेल पिळला, बॅगेत ओलाच घातला आणि निघालात. गाडीची वेळ व्हायला पुष्कळ अवकाश होता. रंगाची नजर ही तुमच्या माहेरची देणगी. तुम्ही दोऱ्याच्या शंभर रिळांतून बरोब्बर कापडाला जुळणारं उचलता, आणि हे कारखान्याच्या टाकीतला एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून मुलामा कसा चढणार ते सांगत. त्या माणसाला स्वतःच्या बादलीतला रंग दिसला नसेल का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, आणि आता विचारून उपयोग नाही.

तर झालं असं. ह्यांच्यामागे कारखाना बंद केला. (कारखाना म्हणजे तोच, मागच्या अंगणातला पत्र्याचा. नळांना आणि दारांच्या मुठींना क्रोमचा मुलामा द्यायच्या टाक्या, पॉलिशचं चाक आणि ह्यांचं स्टूल. स्टुलाचा एक पाय अजून आखूडच आहे.) कुंपणाच्या भिंतीत जी सामायिक विहीर आहे, अर्धी आमची आणि अर्धी शेजारच्या रोपवाल्या बाईंची, तिच्यातल्या पाण्याने त्यांची रोपं मान टाकायला लागली. त्यांनी बाटलीत पाणी भरून प्रदूषणवाल्यांच्या कार्यालयात नेऊन दिलं. तिथून एक साहेब आले. फार सभ्य माणूस. वाईट बातमी सांगताना बूट काढून आत येणारा. त्यांनी सांगितलं की मोठ्या टाकीखालची फरशी कधीचीच तडकलेली आहे, तिच्यातून क्रोम झिरपत गेलं आहे आणि हे पिवळं म्हणजे तेच, अंगात गेलं तर घातक. (पिण्याचं पाणी आम्ही आधीपासून नळाचंच वापरतो, काळजी नको.) उपाय दोन. एकतर कारखाना पाडायचा, त्याच्याखालची माती दीड पुरुष खोल खणायची आणि ट्रकांनी भरून न्यायची. नाहीतर एक नवी पद्धत आहे, तिला एकदा संधी द्यायची. साहेब पुन्हा बाटली भरायला येतील तेव्हा पाणी स्वच्छ निघालं तर कारखाना उभा राहील. नाही निघालं तर खोदायचं यंत्र येईल.

तुम्ही म्हणाल, बंद कारखान्याचं मला काय करायचं आहे. काहीच नाही. मला तर ते चाक सुरूसुद्धा करता येत नाही. पण माणूस गेला आणि त्याच्यामागे त्याच्या पायाखालची जमीनही खणून न्यावी लागली, असं ह्यांच्याबद्दल कोणी म्हणू नये, एवढंच वाटतं. म्हणून मी नव्या पद्धतीला हो म्हटलं.

ही पद्धत घेऊन एक इंजिनिअर बाई आल्या. वयाने आपल्या पुतणीएवढ्या, बोलणं मात्र सासूसारखं. त्यांनी सांगितलं की जमिनीत लोखंड सोडायचं. मी म्हटलं, खिळे? त्या हसल्या नाहीत. हे लोखंड इतकं बारीक की एका केसाच्या जाडीत त्याचे हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. त्याला नॅनो म्हणतात. पाण्यात कालवलं की काजळासारखं दिसतं. हे कण मातीच्या फटींतून वाट काढत जातात, विरघळलेल्या क्रोमला गाठतात, स्वतः गंजतात आणि त्याला निर्विष करून जागच्या जागी खाली बसवतात. मग ते पाण्याबरोबर वाहत नाही. म्हणजे स्वतः झिजायचं आणि घरातल्या तापट माणसाला खाली बसवायचं. (अशा दोन-तीन बायका आपल्याच नात्यात आहेत, त्यामुळे मला पद्धत लगेच समजली.) पण या लोखंडाची थेरंही तशीच. हवा लागली की गंजून फुकट जातं, म्हणून पिंप हवाबंद ठेवायचं. ढवळत राहिलं नाही तर कण एकमेकांना धरून गोळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. आणलं की लगेच वापरायचं, ठेवून द्यायचं नाही. एवढी नाजूक वस्तू स्वतःला लोखंड म्हणवून घेते याचं मला नवल वाटलं.

आता इथे माझी पहिली फजिती. अंगणात जाड नळ्या पुरून झाल्या, पंप लावला आणि दाबाने ते काळं पाणी जमिनीत सोडायला सुरुवात झाली. मला वाटलं ते काही तासाभरात माझ्याकडे यायचं नाही, म्हणून मी न्हाणीघरात जाऊन केस धुवायला बसले. डोळे मिटलेले, साबण लावलेला, आणि पायांना काहीतरी गार लागलं. एक डोळा उघडून पाहते तो मोरीच्या कडेच्या फटीतून शाई वर येते आहे. मी ओरडले नाही (मला ओरडताही येत नाही, तो स्वभावच नाही), कपडे सावरून तशीच बाहेर आले आणि पांढऱ्या फरशीवर न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत माझी काळी पावलं उमटली. इंजिनिअर बाई धावत आल्या, पावलांकडे पाहिलं आणि आनंदाने म्हणाल्या, “वा काकू! म्हणजे जमिनीला वाट आहे!” जमिनीला होती ती वाट भिंतीपलीकडेही होती. एका हॉटेलवाल्याने निवडून बाजूला काढलेल्या पांढऱ्या गुलाबांच्या कुंड्यांखालून तेच काळं वर आलं, आणि हॉटेलवाला तिथेच उभा होता, पांढऱ्या बुटांत. मग रोपवाल्या बाईंचं डोकं भिंतीवर उगवलं. “अहो बाई, आधी पिवळं, आता काळं! पुढचा रंग कोणता ते आधी कळवा, म्हणजे मी त्याच रंगाची फुलं लावते!” मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफी राहू द्या, मला पाणी हवंय. या खेपेला नाही झालं ना, तर त्या यंत्राला मी स्वतः हात दाखवून वाट दाखवीन.” बाई तोंडाळ खऱ्या, पण वन्सं, त्यांचं काय चुकलं? त्यांची निम्मी रोपं गेली होती.

त्यानंतर दाब बंद झाला. ठरलं असं की घाई करायची नाही. दुपारी नळ्या काळ्या पाण्याने काठोकाठ भरायच्या, झाकणं लावायची आणि रात्रभर आपोआप मुरू द्यायचं. इंजिनिअर बाई रोज विहिरीचं पाणी छोट्या नळीत घेत आणि त्यात औषधाचे थेंब टाकत. क्रोम असलं की ते जांभळं होतं. पहिल्या दिवशी वांग्यासारखं झालं. मग दिवसागणिक फिकट होत गेलं. मी रोज त्या नळीकडे, निकाल पाहायला गेलेल्या मुलासारखी लांबून मान उंच करून पाहायची. एका सकाळी तर ते इतकं फिकट झालं की रोपवाल्या बाईंनी भिंतीवरून मला पुदिन्याची जुडी दिली.

आणि मग ते थांबलं. दुसऱ्या दिवशी फिकटच राहिलं, तिसऱ्या दिवशी थोडं गडद, आणि त्यानंतर पुन्हा वांगं. इंजिनिअर बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हिशेब पुन्हा मांडला, पिंपं तपासली, आपल्या वरिष्ठांना फोन केला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नखं कुरतडत उभ्या राहिल्या. नळ्या दुपारी काळ्या भरायच्या आणि सकाळी उघडल्या की वरचं पाणी निवळ, लोखंडाचा पत्ता नाही. इतक्या लवकर मुरणं शक्य नाही, त्या म्हणाल्या, कोणीतरी काढून घेत आहे. काळं पाणी कोण चोरणार? त्यांना रोपवाल्या बाईंचा संशय आला. रोपवाल्या बाईंना वाटलं इंजिनिअर बाई पिंपात नुसती शाई कालवून आणतात. दोघीही माझ्याकडे एकमेकींबद्दल बोलत आणि मी दोघींनाही ‘बघू’ म्हणत होते. साहेबांचा दिवस जवळ येत होता, आणि सकाळी भांडी घासताना कुठेही ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला की माझा हात थांबायचा.

शेवटी मी ठरवलं की आपणच पाहायचं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कारखान्यात गेले आणि पॉलिशच्या चाकामागे बसले. (तिथे बसल्यावर ह्यांचा एप्रन अगदी नाकासमोर येतो. अजून त्याला मेणाचा वास आहे. ते असो.) जरा वेळाने मागचं दार उघडलं. किल्लीने उघडलं, वन्सं, मोडून नाही. मी शेजारी पडलेली लाकडी पट्टी घट्ट धरली. आत आले ते आपले मिस्त्री.

मिस्त्री तुम्हाला आठवतील. ह्यांच्या पहिल्या टाकीपासूनचे. कारखाना बंद झाला तरी रोज संध्याकाळी येतात, झाडून काढतात, टाक्यांवरची झाकणं पुसतात आणि जातात. मी कधी अडवलं नाही. ते सरळ अंगणातल्या नळीपाशी गेले, झाकण काढलं, कनवटीतून दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक काढलं आणि नळीत सोडलं. सावकाश वर ओढलं तेव्हा त्याला काळी दाढी आली होती. ती त्यांनी बोटांनी निरपून डब्यात झाडली आणि चुंबक पुन्हा आत सोडलं. इतक्या शांतपणे, जणू देवापुढचं निर्माल्य काढताहेत.

मी उठले. चाक फिरलं, त्याचा आवाज झाला.

“कोण ते?” ते म्हणाले. मग मला पाहून, “घाबरू नका वहिनी, मीच आहे.” जशी काही चोरी मीच करत होते.

“मिस्त्री, काय करताय हे?”

“लोखंड काढतोय.” इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “तुम्हाला सांगणार नव्हतो. कोणीतरी दुष्टाव्याने रोज आपल्या पाण्यात लोखंड टाकतंय. मी रोज काढतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. पण मीही सोडणार नाही.”

तुम्हाला कारखान्याची रीत ठाऊक नसेल म्हणून सांगते. मुलामा देताना एखादा लोखंडी तुकडा हातातून निसटून टाकीत पडला तर तो तळाशी विरघळत बसतो आणि सगळी टाकी नासते. म्हणून रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी टाकीच्या तळातून चुंबक फिरवायचं, हा ह्यांचा नियम. मिस्त्रींना तो ह्यांनीच शिकवला. पाण्यात लोखंड दिसलं की काढायचं, एवढं त्यांच्या हाताला माहीत. डोक्याला विचारायची गरजच नाही.

मी म्हटलं, “मिस्त्री, ते आपणच टाकतोय.”

“आपण?”

“हो. पाणी सुधारायला.”

“लोखंड? पाण्यात?” ते स्टुलावर बसले, आखूड पायाकडे कलले. चुंबकाकडे पाहून म्हणाले, “मालकांना विचारलंत का?”

वन्सं, विचारलं आणि त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी चुंबकाची दोरी गुंडाळायला घेतली आणि गुंडाळतच राहिले.

मग एकेक बाहेर आलं. मी त्यांना फक्त ‘पाणी तपासायला लोक येतात’ एवढंच सांगितलं होतं, कारण मालकांच्या टाकीने विहीर नासवली हे ऐकून त्यांच्या जिवाला लागलं असतं. त्यांनी लोखंडाचं मला सांगितलं नाही, कारण माझ्या जिवाला लागलं असतं. अशा रीतीने दोन शहाण्या माणसांनी एकमेकांचा जीव जपता जपता विहिरीचा जीव घेत आणला होता. काढलेलं लोखंड त्यांनी मागे पत्र्यावर वाळत घातलं होतं, आणि ते वाळता वाळता आपोआप तापलं, धुमसलं आणि वर ठेवलेलं त्यांचं जुनं जाकीट जळालं. त्यावरून त्यांची खात्रीच झाली की हा दारूगोळ्याचा माल आहे. तरी रोज ते एकटेच, जीव मुठीत धरून, आमच्या घराचं रक्षण करत होते.

इंजिनिअर बाईंना सांगणं भाग होतं. मी सकाळी सांगितलं. त्या पिंपावर बसल्या. मग मिस्त्रींना म्हणाल्या, “काका, मी जगात कुठे कुठे हे काम फसल्याचं वाचलंय. माती घट्ट म्हणून फसलं, पाणी खारं म्हणून फसलं. चुंबकाने फसलं असं एकदाही वाचलं नाही.” मिस्त्री म्हणाले, “बाई, मला आधी सांगितलं असतंत तर तुम्हाला नवीन वाचायला मिळालं नसतं.” तिथून दोघांचं जे जुंपलं ते अजून सुरू आहे. पण एक शेवटचं पिंप मिळालं. बाईंनी वरिष्ठांशी भांडून आणलं. यानंतर नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. मिस्त्रींकडे ढवळण्याचं काम दिलं, हेतू एवढाच की दोन्ही हात गुंतलेले राहावेत. ते दिवसभर वल्हं मारल्यासारखे ढवळत होते आणि बाई नळ्या भरत होत्या. “हळू ओता, बाई.” “तुम्ही ढवळा, काका.” “मी ढवळतोच आहे, तुम्ही सांडताय.” रोपवाल्या बाई भिंतीवर हनुवटी टेकून पाहत होत्या. पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता ते सगळं लोखंड जमिनीत आहे. आणखी मिळणार नाही. येत्या गुरुवारी साहेब बाटली भरायला येतील. काल बाईंनी थेंब टाकले. मला नळीत जांभळी छटा दिसली, मिस्त्रींना काही दिसलं नाही (त्यांना मोतीबिंदू आहे), आणि बाई म्हणाल्या उजेड कमी आहे, पण त्यांनी नखं पुन्हा कुरतडली. ह्यांची ती पांढरी बशी मी काढली आहे. रोज सकाळी विहिरीचं पाणी तिच्यात घेते आणि खिडकीत नेऊन पाहते. एकदा वाटतं पिवळं आहे, एकदा वाटतं नाही. पाहून पाहून मला आता दूधसुद्धा पिवळं दिसायला लागलं आहे.

बाकी सर्व क्षेम. तुम्ही तुमची कामं सोडून यावं असं इथे काही नाही. गुडघ्याला जपा. मुलांना आशीर्वाद.

तुमची
वहिनी

ता. क. : सहज म्हणून कळवते, बस आता कोपऱ्यावर थांबत नाही, रोपवाल्या बाईंच्या फाटकासमोरच थांबते. चालावं लागत नाही, आणि पायऱ्याही नाहीत.

ता. क. : वर लिहिलं की पत्राला कारण नाही, ते खरं नाही. गुरुवारच्या आधी या. पाणी पिवळं आहे असं पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. ते गेलं की नाही, हे तुम्ही बशीत पाहून सांगा. साहेबांचा कागद मी मान्य करीन, बाईंचे थेंबही मान्य करीन, पण माझा विश्वास बसायचा तो तुमच्या नजरेवर. पिवळंच असलं तर पिवळंच म्हणा. ते काविळीचं वाक्य या घरात आता कोणी म्हणणार नाही. म्हणणारा राहिला नाही.

ता. क. : मिस्त्रींनी चुंबक माझ्या हवाली केलं आहे. म्हणतात, माझ्या हातांचा भरवसा नाही, वहिनी, कुलपात ठेवा. मी कपाटात ठेवलं, शिवणाच्या डब्याशेजारी. सगळ्या सुया आणि टाचण्या त्याला जाऊन चिकटल्या. एक सुई ओढून सोडवली, तर तीच आता चुंबक झाली आहे आणि चार टाचण्या लोंबकळवत फिरते. गुरुवारी घालायच्या झंपराचं बटण तुटलेलं आहे. येताना एक सुई घेऊन या.